चिमटाताईंनी उपसलेला माळा

एका अवाढव्य ऑपरेटिंग सिस्टिमचे लेखन, दुरुस्ती आणि अधूनमधून बिघाडही जिथे केला जातो, त्या कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत एक बाई बसतात. त्यांचे काम प्रोग्रॅममधल्या ओळी वगळणे हे आहे. इतर लोक वर्षभरात आपण किती ओळी लिहिल्या हे सांगून बढती मागतात. या बाई किती ओळी आता उरलेल्या नाहीत हे सांगतात, आणि बढतीचा विषय निघाला की खिडकी लावायला उठतात.

त्यांना सगळे चिमटाताई म्हणतात. हे नाव कशावरून पडले याविषयी कचेरीत दोन मते आहेत. एक मत असे की, डोक्यातला एकच पांढरा केस नेमका उपटावा तशी त्या हजारो ओळींतून नको असलेली ओळ उचलतात, म्हणून. दुसरे मत असे की त्यांच्या टेबलावर खरोखरच एक चिमटा असतो, म्हणून. तो चिमटा मी पाहिला आहे. परंतु त्याचा उपयोग कीबोर्डमधले पावाचे कण काढण्यासाठी होतो, आणि तो नाव पडल्यानंतर आणलेला आहे. "लोकांनी नाव ठेवलंच आहे, तर म्हटलं निदान वस्तू तरी असावी," असे त्यांनीच मला सांगितले. दुसरे मत त्यामुळे बाद होते.

हेडर फाइल हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी इथे थोडे थांबले पाहिजे. अशा सिस्टिममध्ये हजारो फाइली असतात. एका फाइलीला दुसऱ्या फाइलीकडून एखादे काम करून घ्यायचे असेल, तर ते काम अस्तित्वात आहे, त्याला काय द्यावे लागते आणि ते काय परत देते, एवढी ओळख आधी करून द्यावी लागते. ही ओळख जिच्यात लिहिलेली असते ती हेडर फाइल. आपल्या फाइलीच्या माथ्यावर एक ओळ लिहून तिला बोलावले की झाले. अडचण अशी की हेडर फाइलसुद्धा आपल्या माथ्यावर दुसऱ्या हेडर फाइलींना बोलावते, आणि त्या तिसऱ्यांना. मग ज्याला फक्त टाचणी हवी होती त्याच्या दारात टाचणी, शिवणयंत्र, शिंपी, शिंप्याचे कपाट आणि त्या कपाटावर हक्क सांगणारा शिंप्याचा मेहुणा, अशी सगळी मंडळी एकदम उभी राहतात. संगणक तक्रार करीत नाही. तो प्रत्येक फाइलीसाठी ही अख्खी वरात नव्याने वाचून काढतो, आणि त्यात दिवस जातो.

या सर्वांत सर्वाधिक फुगलेल्या हेडर फाइलीला कचेरीत "माळा" म्हणत. तिचे अधिकृत नाव ‘किरकोळ’ याच अर्थाचे होते. ज्या ओळखीला जागा सापडली नाही, किंवा जागा शोधण्याचा ज्याला कंटाळा आला, त्याने ती माळ्यावर टाकली. माळ्याच्या अगदी वर एक शेरा होता: "तात्पुरते. नंतर हलवावे." तो कोणी लिहिला हे मी शोधले. बदलांच्या जुन्या इतिहासात ज्यांचे नाव सापडते ते गृहस्थ आता निवृत्त आहेत. त्यांनी शेरा नीट पाहिला आणि "हे माझं अक्षर नाही," असे ठामपणे सांगितले. शेरा टाइप केलेला आहे.

माळ्याला हात लावणे सोपे नव्हते. जवळजवळ प्रत्येक फाइल थेट किंवा आडवळणाने माळ्याला बोलावत असे, त्यामुळे त्यात एक स्वल्पविराम हलवला तरी सगळी सिस्टिम पुन्हा नव्याने बांधावी लागे. चिमटाताईंनी ठरवले की माळा उपसायचा. प्रत्येक ओळख तिच्या योग्य जागी न्यायची, प्रत्येक फाइलीने फक्त गरजेपुरत्यांनाच बोलवायचे, आणि शेवटी रिकामा माळा पाडून टाकायचा. हे काम त्यांनी शेकडो लहान बदलांत विभागले आणि ते बदल एकामागून एक, दोऱ्यात ओवल्यासारखे रचले. त्यात त्यांची काही वर्षे गेली.

परंतु हे काम टिकाऊ नव्हते. बाकीचे लोक रोज काहीतरी लिहीत होते, आणि रोज त्यातले काही ना काही ताईंच्या दोऱ्यावर येऊन पडत होते. सकाळी येऊन तुटलेल्या गाठी पुन्हा मारायच्या, हा त्यांचा पहिला तास. त्यातच बातमी आली की पुढच्या आवृत्तीत एका नव्या विभागाचा प्रचंड मजकूर येणार आहे, आणि तो सगळा माळ्याच्या आधारावर लिहिलेला आहे. म्हणजे ताईंचा दोरा या आवृत्तीत शिरला तर शिरला. नाही शिरला, तर तो गुंडाळून टाकायचा आणि निवृत्तीपर्यंत दुसऱ्यांच्या ओळी मोजत बसायचे.

ताईंच्या घरी या कामाचे पडसाद स्वयंपाकघरात उमटले. घरात त्यांचे यजमान, जे शाळेत चित्रकला शिकवतात, आणि सासूबाई, ज्या कोणाकडून काही शिकत नाहीत. ताईंना एका रविवारी वाटले की ओट्यावर डब्यांची गर्दी फार झाली आहे. प्रत्येक वस्तू एकदाच ठेवावी, आणि इतरत्र ती असल्याची नुसती ओळख असावी. त्यांनी तसे केले. पुढचा संवाद मला सासूबाईंनी सांगितला, आणि ताईंनी तो एका तपशिलाचा अपवाद वगळता मान्य केला.

"अगं, साखरेच्या डब्यात चिठ्ठी आहे."

"काय लिहिलंय, आई?"

"‘साखर आहे.’"

"मग आहेच की. ओट्याखालच्या कपाटात."

"मग या डब्यात काय आहे?"

"साखर आहे, याची माहिती."

"असं होय! मग चहात दोन चमचे माहिती घालू ना?"

अपवाद असा की ताईंच्या मते सासूबाई एकच चमचा म्हणाल्या होत्या. यजमानांनी वादात न पडता बिनसाखरेचा चहा सुरू केला. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी त्यांच्या मनोनिग्रहाचे कौतुक केले, आणि त्यांनी ते स्वीकारले.

"पण तू तिथे करतेस तरी काय नेमकं?" सासूबाईंनी एकदा जेवताना विचारले.

"नको ते काढते."

"आणि ते गेलं की?"

"सगळं होतं तसंच चालतं."

"म्हणजे तू गेलीस काय आणि न गेलीस काय, सारखंच."

"तसं दिसलं तरच काम नीट झालं म्हणायचं, आई."

सासूबाईंनी मुलाकडे पाहिले. मुलगा भिंतीवरच्या चित्राची चौकट तिरकी आहे का ते पाहत होता.

कचेरीतला विरोध याहून गंभीर होता. सिस्टिम बांधायला, म्हणजे तिथल्या भाषेत ‘बिल्ड लावायला’, इतका वेळ लागे की त्या वेळेवर एक स्वतंत्र संस्कृती उभी राहिली होती. दोघेजण बुद्धिबळ खेळत. एकजण खुर्चीत झोपे आणि आपल्या पोटावर "बिल्ड चालू आहे" अशी पाटी ठेवी. एक दाढीवाले अभियंते स्वेटर विणत, आणि त्यांना सगळे स्वेटरवाले म्हणत. काय करतोस, या प्रश्नाला "बिल्ड लावलाय" हे उत्तर दिले की त्यापुढे कोणाचेच काही चालत नसे. माळा गेला की बिल्ड झटपट होणार, हे सगळ्यांना कळले होते.

"ताई, तुम्ही माळा पाडलात तर माझ्या डाव्या बाहीचं काय?" स्वेटरवाल्यांनी त्यांना जिन्यात गाठून विचारले.

"घरी विणा."

"घरी विणायला बसलो तर बायको विचारते, तुम्हाला कामं नाहीत का? इथे कोणी विचारत नाही हो."

या सर्वांच्या वर होते दरवान. हे त्यांचे टोपणनाव. सिस्टिममध्ये शिरणारी प्रत्येक ओळ त्यांच्या नजरेखालून जाई, आणि त्यांनी नाही म्हटले की नाही. माणूस तिरसट, पण वाचायचा सगळे. ते वाचत एका पुराण्या लॅपटॉपवर. त्याची बिजागरी चिकटपट्टीने धरलेली होती आणि नवा घ्या म्हटले की ते रागावत. "यावर चाललं तर कुठेही चालेल," हे त्यांचे तत्त्व. तत्त्व म्हणून ते चांगले आहे. खरे कारण चिवटपणा होते, असे त्यांच्या दोन सहकाऱ्यांचे स्वतंत्रपणे म्हणणे पडले.

आवृत्तीचे दार शुक्रवारी बंद होणार होते. त्या आठवड्याच्या सुरुवातीला दरवानांनी ताईंचा संपूर्ण दोरा आपल्या लॅपटॉपवर चढवला, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि लॅपटॉप गर्जू लागला. आतला पंखा पूर्ण वेगाने फिरू लागला आणि थांबेना. शेजारच्या खोलीतल्या लोकांना वाटले की भिंतीला भोक पाडायला कोणी आले आहे. दरवान तसाच गर्जणारा लॅपटॉप दोन्ही हातांत धरून बैठकीच्या खोलीत आले आणि तो त्यांनी ताईंच्या पुढ्यात ठेवला.

"ताई, तुमच्या हेडर फाइलींनी माझा पंखा पिसाळला."

"हेडर फाइलीला आवाज नसतो, सर."

"मग हे काय गातंय?"

"वय झालंय त्याचं."

"वय माझंही झालंय. मी ओरडतो का?"

खोलीत दहाबारा माणसे होती. सगळ्यांनी एकदम आपापल्या वह्या उघडल्या.

"मी एकही काम बदललेलं नाही," ताई म्हणाल्या. "फक्त ओळखी हलवल्यात. एखादी ओळख चुकून राहिली असती तर संगणकाने तिथेच बोंब मारली असती, बिल्डच झाला नसता. झाला की नाही?"

"झाला."

"मग?"

"मग मला माहीत नाही. मला एवढंच कळतं की काल हा शांत होता आणि आज तुमचं चढवल्यावर बोंबलतोय. शुक्रवारपर्यंत शांत झाला तर घेतो. नाहीतर पुढच्या वेळी बघू."

पुढची वेळ म्हणजे काय, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. बुद्धिबळवाल्यांपैकी एकाने समाधानाने खुर्ची मागे सरकवली, अशी माहिती मिळते. दोघांपैकी प्रत्येकजण म्हणतो, ती दुसऱ्याने सरकवली.

दरवानांनी लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात पाठवला. ताई खोलीत आल्या, दार लावले आणि पंख्याशी संबंध असलेली एकेक फाइल उघडू लागल्या. हेतू निर्दोषत्व सिद्ध करण्याचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना त्या जुन्या लॅपटॉपच्या उष्णतेचे काम पाहणारी एक छोटी फाइल सापडली. तिच्यात लिहिले होते की अमुक एक खूण ठाऊक असेल, तर तापमान पाहून पंख्याचा वेग ठरवावा. नसेल, तर पंख्याच्या भानगडीत पडू नये. ती खूण माळ्यावर होती. ही फाइल दोनतीन आडवळणांनी माळ्यापर्यंत पोचत असे, आणि ती आडवळणे ताईंनीच बंद केली होती.

संगणकाने बोंब का मारली नाही, याचे उत्तर तिथेच होते. ‘ठाऊक असेल तर’ हा प्रश्न आहे, आणि प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर चालते. संगणकाने खूण शोधली, ती दिसली नाही, आणि पंख्याचा अख्खा कारभार त्याने बिनतक्रार गाळून टाकला. मग पंख्याला कोणी वाली उरला नाही, आणि बेवारस पंखे सुरक्षेसाठी पूर्ण वेगानेच फिरतात. ही चूक नवशिक्याला करता आली नसती. नवशिक्याने माळ्याला हातच लावला नसता.

उपाय एका ओळीचा होता. ताईंनी ती ओळ घातली. त्या अजून पडद्याकडे बघतच होत्या, तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि दरवान आत आले. ते स्वतः उठून कोणाच्या खोलीत गेल्याचे याआधीचे उदाहरण मला सापडलेले नाही. काखेत लॅपटॉप होता, आणि तो गप्प होता.

"धूळ होती, ताई," ते म्हणाले. "दुकानदाराने आतून मांजराएवढी धूळ काढली. बघा, कसा शहाण्यासारखा बसलाय. मी सगळ्यांसमोर उगाच बोललो तुम्हाला. शुक्रवारी घेतो तुमचं सगळं."

दुकानदाराने सफाई करताना यंत्रावर मागची, जुनी आवृत्ती परत चढवली होती. ताईंचे बदल त्यावर आता नव्हतेच, आणि हे दरवानांच्या लक्षात आले नव्हते. ताईंच्या एका नजरेत आले.

यानंतर त्या किती वेळ गप्प राहिल्या याविषयी दोघांच्या सांगण्यात फरक आहे. दरवान म्हणतात, त्या लगेच बोलल्या. ताई म्हणतात, दरवानांनी भिंतीवरची आग विझवण्याच्या नळकांड्याची सूचना सबंध वाचून काढली एवढा वेळ गेला. मी ताईंचे म्हणणे ग्राह्य धरले आहे, कारण ती सूचना दरवानांना आजही तोंडपाठ आहे.

"धूळ नव्हती, सर," ताई म्हणाल्या. "मी होते."

दरवान बसले. ताईंनी सगळे दाखवले.

"म्हणजे एका ओळीचा प्रश्न," दरवान म्हणाले. "आणि ती घातलीत तुम्ही."

"घातली."

"मग झालं की."

"नाही झालं. ही चूक सापडली, कारण ही ओरडली. न ओरडणाऱ्या किती असतील?"

"किती?"

"माहीत नाही."

दरवानांनी चष्मा काढला. "ताई, हे मला सांगायला नको होतं हो तुम्ही."

"मला ठाऊक आहे."

"आता कसं घेऊ मी?"

"ओळखी हलवल्या तर तयार होणाऱ्या सिस्टिममध्ये तसूभरही फरक पडता कामा नये. प्रत्येक बदलाआधी एक बिल्ड, नंतर एक बिल्ड. दोन्ही ताडून बघायचे. जुळले तर बदल निर्दोष. नाही जुळले तर माझा बदल बाहेर."

"एवढे बिल्ड? शुक्रवारपर्यंत? त्याला कचेरीतलं एकूण एक यंत्र लागेल."

"लागेल."

"देतील का लोक?"

ताईंना वाटत होते, देणार नाहीत. ज्यांचा वेळ वाचवण्याचे पाप त्या करत होत्या, त्यांच्याकडेच यंत्रे मागायची होती. त्या प्रथम स्वेटरवाल्यांकडे गेल्या.

"माझं यंत्र पूर्ण दिवस अडकून राहणार?" स्वेटरवाल्यांनी विचारले.

"शुक्रवारपर्यंत."

"म्हणजे मला काहीच काम करता येणार नाही?"

"नाही. माफ करा."

"अहो, माफी कसली मागताय! दोन्ही यंत्रं घ्या. घरचं आणू का?"

बातमी पसरायला वेळ लागला नाही. उरलेला आठवडा कचेरीतली सगळी यंत्रे ताईंचे बिल्ड बांधत होती आणि सगळी माणसे निष्पाप मनाने रिकामी होती. बुद्धिबळाची स्पर्धा झाली. तिचा निकाल वादग्रस्त असल्याने इथे देत नाही. डावी बाही पूर्ण झाली. त्या दिवसांत सिस्टिममध्ये एकही नवा दोष शिरला नाही, असे लोक अभिमानाने सांगतात. मी तपासले. हे खरे आहे, कारण त्या दिवसांत कोणीच काही लिहिले नाही.

ताई मात्र एका यंत्राकडून दुसऱ्याकडे फिरत होत्या. बहुतेक बिल्ड जुळले. काही जुळले नाहीत, आणि प्रत्येक वेळी त्या तो बदल उचलून बाजूला ठेवत. एका ठिकाणी फरक निघाला तो असा की ताईंच्या बदलामुळे एक जुनाट दोष आपोआप नाहीसा होत होता. तो बदलही त्यांनी बाहेर काढला.

"अहो, हा तर फायदा आहे," दरवान म्हणाले.

"दोष काढायचा तर दोष म्हणून वेगळा काढू. मी काही बदलत नाहीये असं सांगून आत शिरलेय, सर. आत येऊन सोफा हलवायचा नाही."

शेवटचा बदल माळा पाडण्याचा होता. काही फार जुन्या यंत्रांसाठी सिस्टिम बांधण्याची साधने कचेरीत कोणाकडेच उरली नव्हती, आणि त्या यंत्रांच्या मूठभर फाइली अजून माळ्याला बोलावत होत्या. त्या ताडून बघणे शक्य नव्हते. शुक्रवारी सकाळी दरवानांनी ही गोष्ट हळूच काढली.

"याचं काय करायचं, ताई? एवढ्यासाठीच तर सगळं केलंत तुम्ही."

ताईंनी तो बदल स्वतःच्या हाताने दोऱ्यातून काढला. "सिद्ध होत नाही ते जाणार नाही," त्या म्हणाल्या. "राहू दे. रिकामा माळा कोणाला चावत नाही."

दुपारी दरवानांच्या खोलीत गर्दी जमली. ज्यांनी विरोध केला होता तेही आले, कारण त्यांची यंत्रे या कामी आली होती आणि आता ते या कामाबद्दल आपलेपणाने बोलू लागले होते. दरवानांनी उरलेला सबंध दोरा शेवटचा एकदा वर-खाली पाहिला आणि कळ दाबली. पडद्यावरून ओळी सरकत गेल्या आणि थांबल्या. दरवानांनी लॅपटॉप पुन्हा सुरू केला. लोक कान टवकारून उभे होते. पंखा अगदी हळू फिरत होता.

"झालं?" स्वेटरवाल्यांनी विचारले.

"झालं. घेतलं," दरवान म्हणाले.

"मग बदललं काय?"

ताई पडद्यावर वाकून आधीचा आणि आताचा बिल्ड ताडून बघत होत्या. शेवटची ओळ वाचून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "अहो, काहीसुद्धा बदललं नाही!"

मग दरवान खुर्चीतून उठले आणि टाळ्या वाजवू लागले, म्हणून बाकीच्यांनीही वाजवल्या.